शेजारचे ड्रम

१९८६चा हिवाळा. अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये शेजारच्या जपानी आजी रोज दुपारी रॉक बँडची कॅसेट मोठ्यानं लावत. शेवटी मृणालिनी तान्ह्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेली. "प्लीज, व्हॉल्यूम कमी कराल का? ही झोपतच नाही."

आजी ओशाळल्या. "अख्खं जपान ही गाणी गातं. ड्रमवर माझा मुलगा आहे. पत्र लिहीत नाही, पण दरवर्षी नवी कॅसेट येते. हात असे जोरात चालले, की कळतं, बरा आहे."

त्या डोळे मिटून डोलू लागल्या. खिडकीबाहेर बर्फ संथ तरंगत होता. मांडीवरची मुलगी कधी झोपली, मृणालिनीला कळलंच नाही.

लग्नावरून रुसलेल्या नागपूरच्या आईला काय लिहावं, हे तिला वर्षभर सुचलं नव्हतं. संध्याकाळी मुलगी भुकेनं रडू लागली, तेव्हा तिनं कोरी कॅसेट घालून आधी रेकॉर्डचं बटण दाबलं.