दोन खण

"परक्याला या घरात जागा द्यायची न्हाई, असं आपलं ठरलेलं हाय," मोहनराव म्हणाला, आणि तुळजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परकी कोण? ती याच घरात जन्मली होती. समोर मांडी घालून तिला परकी म्हणणारा हा माणूस तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

बीडच्या जुन्या पेठेत, बिंदुसरेच्या काठाला हे घर होतं. घर एक, हिस्सेदार चार. मधे सामाईक चौक, चौकात सामाईक आड आणि भोवताली ज्याचे त्याचे खण. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण; पेठेत घर मोजायचं ते असंच. चौघांपैकी राधाकिशन कापसाच्या व्यापारासाठी जालन्याला चालला होता आणि त्याला आपले दोन खण विकायचे होते. ते तुळजाबाईला हवे होते. तिचा नवरा त्रिंबक चौसाळ्याच्या रस्त्यावर भाड्याची बैलगाडी हाकायचा. लग्न झाल्यापासून तिनं दुसऱ्याच्याच जागेत चूल मांडली होती, आणि पावसाळा तोंडावर आला की कुणीतरी जागा खाली करा म्हणायचंच. आता कुणी ऊठ म्हणणार नाही असं छप्पर तिला पाहिजे होतं. राधाकिशन राजी होता. पण बाकीच्या हिस्सेदारांनी हो म्हटल्याशिवाय त्याला खण विकता येत नव्हते. विकत घ्यायचा पहिला हक्क, ज्याला निजामाच्या कचेरीत शुफा म्हणत, तोही हिस्सेदाराचाच.

म्हणून आज चौकात बैठक बसली होती आणि सगळ्यांनी मिळून तिला सोलून काढलं होतं. बैल कुठं बांधणार? आडावर कुणाच्या आधी पाणी शेंदणार? तुमच्याकडं पावणे किती येतात? कोंबडं शिजतं का? त्या आडाचं पाणी पिऊन वाढलेल्या बाईला हे विचारत होते! तिनं दात आवळून एकेकाला उत्तर दिलं. त्रिंबक मांडीवर गाठोडं घेऊन गप्प बसला होता. सासरवाडीच्या भांडणात जावयानं तोंड घालू नये, एवढी रीत तो पाळत होता. बहीण परकी ठरली की राधाकिशनचे खण आपल्यालाच, तेही पडत्या भावात मिळतात, हे मोहनरावाच्या मनातलं गणित चौकातल्या प्रत्येकाला कळत होतं. बोलत कुणी नव्हतं.

तेव्हाही कुणी बोललं नव्हतं. तिचा बाप शहादेव शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा त्यानं याच हिस्सेदारांना उशाशी बोलावलं आणि मोहनरावाला सांगितलं, तुळजीला दोन खण दे. मोहनरावानं मान हलवली. वर्ष सरलं. भाऊबिजेला त्यानं तिला चौकात पाटावर बसवलं आणि सगळ्यांच्या देखत बायकोकडून तिची ओटी भरवली. ओटीत नारळ पडला आणि वर चोळीचे दोन खण पडले. लाल काठाचं कापड! वर हा पठ्ठ्या मोठ्यानं म्हणाला, "आबाचा शब्द राखला. दोन खण दिले. तुळजीचा हिस्सा पोचला."

कुणी मिशीत हसलं, कुणी आडात डोकावलं. चौसाळ्यापर्यंत ती गाडीत रडत गेली होती. इतक्या सफाईनं आजवर कुणी तिच्या तोंडाला पानं पुसली नव्हती. ते खण तिनं कधी शिवले नाहीत.

आता तिनं त्रिंबकाच्या मांडीवरचं गाठोडं ओढून घेतलं, सोडलं आणि ते दोन खण भगवानरावापुढं ठेवले. भगवानराव हिस्सेदारांत सगळ्यांत वडील. घडी तशीच होती, काठ तेवढे विटले होते.

"भगवानकाका, परक्याला द्यायचं न्हाई, कबूल," ती म्हणाली. "पर दादा तुमच्या म्होरं काय म्हणला हुता? दोन खण दिले, हिस्सा पोचला. ज्याला हिस्सा पोचला त्यो हिस्सेदार. का हे नुसतं कापडच हुतं?"

भगवानरावानं तोंडातलं पान चघळायचं थांबवलं. त्या भाऊबिजेला मिशीत हसलेल्यांत तोही होता आणि ते त्याला आता चांगलंच आठवत होतं. त्यानं मोहनरावाकडं मान वळवली आणि विचारलं, आबानं सांगितलेले खण तू दिलेस का न्हाई, तूच सांग.

मोहनरावानं एकेकाचं तोंड पाहिलं. कापड दिलं म्हणावं, तर मरत्या बापाला फसवल्याची कबुली होती, आणि बापाचा शब्द राखणारा म्हणून तर तो इतकी वर्षं पेठेत छाती काढून फिरत होता. घराचे दिले म्हणावं, तर राधाकिशनचे खण हातचे जात होते. जाऊ देत. ते कुठं आपले होते? त्याला हे दुसरं स्वस्त वाटलं.

"दिले की," तो म्हणाला. "घराचेच दिले. कापड नुसतं शकुनाचं हुतं."

"मंग बाई हिस्सेदार झाली," भगवानराव म्हणाला. "हाय का कुणाचं काही?"

कुणाचं काही नव्हतं. राधाकिशननं सौद्याची सुपारी पुढं केली. त्रिंबकाचा हात कमरेला बांधलेल्या पैशांच्या पिशवीकडं गेला. तुळजाबाईनं तो हात वरच्या वर धरला. मग तिनं दोन्ही खण उचलले आणि पुन्हा आपल्या ओटीत घातले. राधाकिशनला ती म्हणाली, भाऊ, तुमचे खण खुशाल कुणालाबी द्या, मला आता घ्यायचं कारण उरलं न्हाई.

आणि ती भावाकडं वळली.

"दादा, ऊठ. तुझ्या खणांतले माझे दोन कुठले, तेवढे दाखव."