तारामतींचा त्याग

तारामतींना खुर्चीत नीट बसवत नव्हतं. मान सारखी एका बाजूला कलत होती. सून त्रिशला पाठीमागं उशी सरकवायला आली की त्या हातानंच नको म्हणायच्या. दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस होता आणि निपाणीच्या जैन मंदिराचं सभागृह गच्च भरलं होतं. थोड्याच वेळात त्यांच्या त्यागाचा सत्कार व्हायचा होता. बायका एकेक करून येत होत्या, वाकून पाया पडत होत्या आणि आक्का किती वाळल्या म्हणून कौतुकानं बोलत होत्या.

त्यांचा मुलगा अरिहंत पहिल्या रांगेत बसला होता. सत्कारानंतर त्याला पाच मिनिटं बोलायला मिळणार होती. ही पाच मिनिटं त्यानं ट्रस्टींच्या मागं लागून मिळवली होती. खिशात व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा होता.

दोन वर्षांमागं त्यानं बेळगावच्या एका पॉलिटेक्निकमधली शिकवण्याची कायमची नोकरी सोडली आणि लोकांच्या पैशाचं नियोजन करून देणारा सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर व्हायचं ठरवलं. पगार सोडून परीक्षा द्यायला निघालेल्या माणसाला गावानं वेड्यात काढलं. म्हणजे विमा एजंटच की, असं सासऱ्यांनी पाहुण्यांसमोर विचारलं. ते त्याला फार लागलं होतं. आई मात्र पाठीशी उभी राहिली. वडील शांतिनाथ गेल्यावर किराणा दुकान विकून जी ठेव ठेवली होती, त्यातूनच तिनं शिकवणीची फी भरली. बेळगावच्या टिळकवाडीतल्या ऑफिसचं डिपॉझिटही तिनंच दिलं.

पास झाल्यावर पहिलं नियोजन त्यानं सरावासाठी आईचंच केलं. लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला आणि मास्तरकीच्या जुन्या सवयीनं सगळं समजावून सांगितलं. तुझी ठेव म्हणजे ही रेघ. इथवर हिरवी, इथून पुढं तांबडी. तांबडी म्हणजे काय, असं तिनं विचारलं. पैसा संपला आणि माणूस अजून आहे, असं तो म्हणाला. वर्गात म्हणावं तसंच म्हणाला. मग खर्चाचे आकडे खालीवर करून रेघ कशी पुढंमागं सरकते तेही दाखवलं. आईनं पडद्यावर बोट ठेवून तांबडं कुठून लागतं ते बरोबर दाखवलं. चौथी शिकलेल्या बाईला एका बैठकीत कळलं, याचा त्याला एवढा अभिमान वाटला की पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला नाव न सांगता तो तीच रेघ दाखवू लागला. तांबडा रंग बघून माणसं घाबरायची आणि सही करायची. धंद्याला लागलं एकदाचं पोरगं, असं तेच गाव म्हणू लागलं.

तारामतींनी चैत्रात तूप सोडलं. मग दूध सोडलं, मग गूळ आणि साखर. श्रावणापासून त्या दिवसातून एकदाच जेवू लागल्या, तेही मूठभर. जैन घराला यात नवल नव्हतं. आणि कुणी नियम घेतला की का घेतला म्हणून विचारायचं नसतं. विचारणारा नियम घेणाऱ्याच्या पुण्याईत आडवा येतो. म्हणून घरात कुणीही विचारलं नाही. आई रक्तदाबाच्या गोळ्याही घेत नाहीत, असं त्रिशलानं एकदा दबक्या आवाजात सांगितलं होतं. धर्माच्या मधे आपण पडायचं नाही, असं अरिहंतनं तिला ऐकवलं आणि तो बेळगावची गाडी पकडायला निघून गेला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं होतं. त्यागी बाईचा मुलगा म्हटल्यावर लोक पैशाच्या बाबतीत विश्वास टाकतात.

ट्रस्टी भरमू आप्पा माईक घेऊन उभे राहिले आणि तसेच थांबले. अरिहंतजवळ येऊन त्याच्या कानाला लागले. आक्कांनी नियम कुठल्या मुनिमहाराजांपुढं घेतला, तेवढं सांग. महाराजांचं नाव घेतल्याशिवाय शाल घालता येत नाही.

अरिहंत उठून आईजवळ गेला, खुर्चीशी गुडघे टेकले आणि तिचा हात हातात घेतला. हात इतका हलका झाला असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"आई, नियम कुठल्या महाराजांकडं घेतलास? आप्पा विचाराय लागल्यात."

तारामतींनी मान कशीबशी सरळ केली. कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. मग चोरून खाऊ देताना हसायच्या तशा हसल्या.

"कुठलं महाराज रं? खर्च कमी केला की रेघ फुडं सरकती, असं तूच दावलं हुतंस न्हवं? खायाचं सोडलं, गोळ्याबी सोडल्या. आता तरी तांबडं लागायच्या आत मी जाईन न्हवं?"