जावईबापू

न्हामने कुंपणाचा शेवटचा बांबू ठोकला. मग कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "खोआत, हे तिसऱ्या माणसाला कळलं, तर तुझ्या नराबरोबर माझी डुकरंही खड्ड्यात जातील."

"तिसऱ्याला कळेलच कसं? तुझं तोंड तू सांभाळ, माझं मी."

"आपल्या तोंडांचं सोड रे. ह्याच्या तोंडाचं काय?"

जावईबापू, म्हणजे खोआतचा नर डुक्कर, केळीच्या बुंध्याला पाठ घासत मजेत घुरघुरत होता.

हे नाव गावानेच ठेवलेलं. लाल नदीकाठच्या वाड्यांमध्ये कुणाची डुकरीण माजावर आली की खोआतला बोलावणं यायचं. सायकल हातात धरून पुढे खोआत, मागून डौलात हा. गळ्यात दोर नाही, पाठीत काठी नाही. खोआत आपला भाताबद्दल, पुराबद्दल, वारलेल्या बायकोबद्दल बडबडत चालायचा आणि नर पाठोपाठ यायचा. बायका अंगणातूनच ओरडायच्या, "अगं, जावई आले! पाय धुवायला पाणी ठेवा!"

मग तो ताप आला. आधी नदीपलीकडे, नंतर अलीकडे. डुकरं खाणं टाकायची, कान निळे पडायचे आणि उभी दावण आडवी व्हायची. औषध नव्हतं. बाजारात मांसाला कुणी हात लावेना. ज्यांच्या घरी रोज मांस शिजायचं, ते बदकाच्या अंड्यांवर आले. शेवटी हुकूम निघाला. वरच्या वाडीतली सगळी डुकरं मारून पुरायची, धडधाकट असली तरीही. खोआतचं घर वरच्या वाडीत होतं. न्हामची केळीची बाग हद्दीच्या जरा बाहेर पडत होती.

गावसमितीचा अध्यक्ष आणि तालुक्याहून आलेली गुरांची डॉक्टर मिएन दारात आले, तेव्हा खोआतचा गोठा रिकामा होता.

"विकला," खोआत म्हणाला. "पलीकडच्या व्यापाऱ्याला. आजार यायच्या आधीच."

मिएन त्याच्याकडे बघत राहिली. अध्यक्ष मात्र खूश झाला. "काका, मग माझं एक काम करा. लोक डुकरं माळ्यावर लपवतायत हो! माझं कुणी ऐकत नाही. उद्या सकाळी समितीच्या, चौकातल्या भोंग्यावरून तुम्हीच चार शब्द बोला. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही."

नाही म्हणावं तर संशय. खोआत हो म्हणाला.

सकाळी रस्ते बंद होते, माणसं घरात कोंडलेली. गावाबाहेर, समितीच्या खोलीत खोआत माईकसमोर बसला. "बाबांनो, बायांनो, लपवाछपवी करू नका. एकाने लपवलं तर सगळ्यांचं जाईल. माझ्या जावईबापूला मी..." खोटं बोलायची त्याला लाज वाटत होती, पण ते नाव घेताना जास्त जड गेलं. "जावईबापू," तो पुन्हा म्हणाला, "गेला रे बाबा माझा."

तिथली कामं उरकून दुपारी बांधावरून सायकल मारत तो परतला, तेव्हा खड्ड्यात चुना पडत होता. चुन्याखालून एक कान वर आला होता, काळा, टोकाला पांढरा. हजार कानांत त्याने तो ओळखला असता.

तो बागेत धावला. कुंपण आडवं झालं होतं. न्हाम तिथेच चिखलात बसला होता, सदऱ्याची बाही फाटलेली, कोपर सोललेलं.

"कुणी सांगितलं त्यांना?" खोआत ओरडला.

न्हाम कोपरावरचा चिखल पुसत राहिला.

"आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं! बोल ना!"

न्हामने वर त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "मीच सांगितलं. माझ्या डुकरांची भीती वाटली मला."

"मला सांगायचंस! मी रातोरात हलवला असता त्याला!"

"चुकलं माझं."

खोआत त्याच्या पायाशी थुंकला. लहानपणी एकाच ताटात जेवलेले दोघे, पण त्या दिवसापासून खोआतने त्याचं तोंड पाहिलं नाही. गावालाही ही फितुरी खोआतनेच सांगितली. मग न्हाम दिसला की लोक एकमेकांना म्हणायचे, "आवाज खाली करा, फितूर येतोय." त्याने चहाला बोलावलं तरी कुणी थांबेना. नववर्षाला न्हाम नव्या तांदळाचा केक घेऊन दारात आला, खोआतने तो त्याच्यादेखत बदकांपुढे टाकला. त्यानंतर न्हामने बाग विकली आणि दक्षिणेला लेकीकडे निघून गेला. त्याला पोचवायला फाट्यावर कुणी गेलं नाही.

बंदी उठली. मांसाचे भाव आभाळाला भिडले, ज्याला त्याला पिल्लं हवी झाली. एका सकाळी मिएन खोआतच्या अंगणात आली. तिच्या करंडीत एक नर पिल्लू होतं.

"काका, हा तुम्ही वाढवा. लोक तुमचीच वाट बघतायत."

खोआतने पिल्लाच्या कानामागे खाजवलं. "वाढवीन. पण आता लपवायची वेळ आली, तर मित्राच्या भरवशावर ठेवणार नाही. त्या न्हामने तुमच्याकडे चुगली केली आणि माझं वाटोळं झालं."

मिएनने करंडी खाली ठेवली.

"न्हामकाकांनी? ते तर जावईबापूच्या गळ्याला मिठी मारून फरफटत आले होते हो. त्याला मागे ओढत होते. आम्हा सगळ्यांना त्यांनी शपथ घातली, की हे खोआतला कधी कळू देऊ नका."

"काय कळू देऊ नका?"

"आम्ही बागेत गेलोच नव्हतो, काका. तुम्ही भोंग्यावर त्याचं नाव घेतलंत, आणि तो कुंपण मोडून चौकात आला. भोंग्याच्या खांबाखाली उभा राहून वर बघत होता, तुम्हाला शोधत."