एक्केचाळीस नंबरचा बाप

बसा बाप्पा, एका रागाची गोष्ट सांगतो.

कौशल्याबाई बाजारहत्नूरकडच्या अंगनवाडीत लेकरं तोलते आन वजनाचे कागद अभ्यासासाठी हैदराबादच्या प्रोफेसर नरसिंगरावाले धाडते. कागदावर नाव लिहाची मनाई, नुसता नंबर. जिल्ह्याचे चार तुकडे झाले, तसे सारे कागद नव्यानं मांडावे लागले. तीन महिने प्रोफेसरले इकडच्या, गावातल्या घराचं तोंड दिसलं नाही.

एक दिवस त्यायचा फोन आला, तो खवळूनच. "बाई, एक्केचाळीस नंबरचं पोरगं दीड किलोनं उतरलं. बाप काय झोपून राह्यला त्याचा?"

बाईचं डोस्कं तापलं. "पोराले बापाच्या ताटात जेवाची सवय हाय, सर. दुसऱ्या ताटाले हात लावत नाही. आन बाप घरी येतच नाही."

"असा कसा बाप? नाव सांगा त्याचं. मी पाहतो त्याच्याकडं."

नाव जिभेवर आलं होतं, पन रागाच्या भरात बाईनं फोनच ठेवून देला.



तुमी उद्या हैदराबादले चालले नं, बाप्पा? त्या सरले भेटून एवढं सांगा, बापाचं नाव नरसिंगराव, आन त्याचं ताट घरी रोज वाढून ठेवलेलं असते.