पंख्याची कडी

“अब्बा, साहेबाचा बंगला राह्यलाच की,” वाहिद म्हणाला.

सरदारभाई रस्त्याच्या कठड्याला टेकून दरी पाहत होते. त्यांना मसुरीत येऊन तीन दिवस झाले होते. मे महिना होता आणि त्यांच्या खांद्यावर घोंगडी होती. त्यांनी पलीकडच्या डोंगराकडे हात केला. लांब आहे, गुडघे दुखतात, असं काहीतरी ते बोलले.

वाहिदनं हे पहिल्या दिवशीही विचारलं होतं. तेव्हा त्याच्या आईला, जैबुनबीला, एकदम चहा प्यायचा होता. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर तिला देवदाराचं झाड जवळून पाहायचं होतं. तिला सगळंच पाहायचं होतं. रस्त्यावर ढग उतरला, की ती त्यात हात घाली आणि मग तळवा डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळी. “खरंच वल्लं होते,” ती सुनेला, रौशनला, सांगे.

गावाकडे, ढाणकीत, सगळ्यांना माहीत होतं, की सरदारभाई जवानीत नागपूरला एका इंग्रज इंजिनियराकडे पंखा ओढायला होते. छताला कडी असायची, कडीला कापडाची लांब झालर टांगलेली. तिची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर येई. बाहेर बसून दोरी ओढली, की आत साहेबाला वारा. उन्हाळ्यात साहेब मसुरीला जाई आणि सरदारलाही बरोबर नेई. पाऊस लागला, की सरदार ढाणकीला घरी येत. जैबुनबी त्यांच्या पाठीला मुलतानी माती लावत बसे आणि ते मसुरी सांगत. ढग खिडकीतून घरात येतात. एक टेकडी बसलेल्या उंटासारखी आहे. सकाळी दूर बर्फाचे डोंगर दिसतात, धुतलेल्या चादरी वाळत घातल्यासारखे. असे सोळा उन्हाळे गेले.

खरी गोष्ट वेगळी होती. साहेब डोंगरावर जाई तेव्हा फक्त खानसाम्याला नेई. सरदार नागपुरातच राहत, कचेरीतल्या बाबू लोकांना वारा घालत. मसुरी त्यांना त्या खानसाम्यानं सांगितलेली. पहिल्या वर्षी नवी बायको नागपूरच्या उन्हाच्या धास्तीनं रडली होती, म्हणून ते बोलून गेले, की मी तर थंड हवेत असतो. मग दरवर्षी तेच सांगावं लागलं.

वाहिद रेल्वेत फिटर होता. त्यानं यंदा स्वतःचा आणि रौशनचा पास काढला, आईबापांची तिकिटं काढली. अब्बांनी आपल्याला मसुरी दाखवायची, असं ठरलं. ते नाही नाही म्हणत होते. कोणी ऐकलं नाही.

आणि इथं येऊन सगळं जसंच्या तसं निघालं. ढग, उंट, बर्फ. “अब्बा, तुमी तं इथलेच लागून राह्यले,” रौशन म्हणाली. सरदारभाईंना तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण बंगला कोणता, ते खानसाम्यानं कधी सांगितलं नव्हतं.

आज जैबुनबीला दुसरं काही सुचायच्या आत वाहिद चालू लागला. शेवटी सरदारभाईंनी लाल पत्र्याच्या एका जुन्या बंगल्याकडे बोट केलं. बंगल्याला कुलूप असेल, एवढीच त्यांना आशा होती.

कुलूप नव्हतं. म्हातारा चौकीदार भला माणूस होता. इतक्या लांबून आलात तर पाहून घ्या, म्हणत त्यानं दिवाणखाना उघडला.

रौशन काचा पाहू लागली. वाहिद फिटर होता. त्यानं वर पाहिलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत छत नजरेखालून घातलं. मग भिंतीवरून हात फिरवला.

“अब्बा, पंख्याची कडी कुठी हाय? दोरीचं भोकही दिसत नाही.”

चौकीदाराला हसू आलं. या बंगल्याला पंखा कधी नव्हताच, तो म्हणाला. भिंतीतली विटांची चूल त्यानं दाखवली. मे महिन्यातसुद्धा संध्याकाळी इथं लाकडं पेटवतात.

वाहिद बापाकडे पाहत राहिला. रौशननं मान खाली घातली. सोळा वर्षांचं सगळं आता मुलासमोर, सुनेसमोर उघडं पडणार होतं.

जैबुनबी दारापाशी गेली. बाहेर व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून ती खाली बसली, पाय लांब केले.

“इथंच बसत असान तुमी,” ती म्हणाली. “बाज उभी केली, तिले झालर टांगली अन दोरी दारातून बाहेर घेतली, का झाला पंखा. कडी कायले लागते?”

“पण अम्मी, एवढ्या थंडीत पंखा?”

“माशा काय थंडीनं मरतात? साहेबाच्या ताटावर बसू द्याच्या होत्या काय?”

रौशन खुदकन हसली. चौकीदारही म्हणाला, की माशा तर आहेतच बाबा. वाहिद जरा वेळ विचारात पडला, मग तोही हसला. वारा घालायच्या नोकरीची त्याला आता माशा हाकलायची नोकरी झालेली दिसली आणि ते त्याला पटलं. तो आणि रौशन पुढं बाग पाहायला गेली.

सरदारभाई जैबुनबीशेजारी हळूच खाली बसले.

“मी इथं कधी आलोच नोतो,” ते म्हणाले.

“मालूम हाय.”

“कवापासून?”

“पहिल्या सालापासून. डोंगरावरून आलेल्या माणसाच्या पाठीवर घामोळ्या नसतात.”

दरीतून एक ढग वर व्हरांड्यात येत होता.

“मंग सोळा साल आयकून काहून घेतलं?”

जैबुनबीनं ढगात हात घातला.

“घरात लय गरम होत होतं,” ती म्हणाली. “तुमी सांगाले लागले, का मले वारा लागे.”