पाच दिवसांचा कागद

गोमाजीने नकाशा आडवा फिरवला आणि समुद्र स्वतःच्या मांडीशी आणला.

गावांची नावं उभी झाली. अलिबाग डाव्या हाताला गेलं, हर्णै उजव्या. नकाशा असा धरत नाहीत, हे मैत्रिणीसमोर, शालनसमोर, बापाला सांगणं शेवंतीला बरं वाटेना. मग गोमाजीचं बोट किनाऱ्यावरून डावीकडून उजवीकडे सरकू लागलं आणि तिच्या लक्षात आलं. तरुणपणापासून तो मोठ्या होडीवर खलाशी होता. तो किनारा त्याने जमिनीवरून कधी पाहिलाच नव्हता. त्याच्यासाठी पाणी अलीकडे असायचं आणि गावं पलीकडे.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या घरात दुपारपासून एकच विषय चालला होता. शेवंती आणि शालन दोघी नुकत्याच बी.एस्सी. झाल्या होत्या. शालनला नागपूरला प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात ती जाणार. त्याआधी दोघींना अलिबाग ते हर्णै समुद्राच्या कडेकडेने जायचं होतं. रस्ता असेल तिथे यष्टी, खाडी आडवी येईल तिथे होडी. विठ्ठलवाडीहून शालन निघाली तेव्हा तिच्या वडिलांनी, बाबुरावांनी, एकच अट घातली होती. शेवंतीच्या घरचे सोडत असतील तर तूही जा. म्हणजे दोघींचं जाणं आता या एका माणसावर होतं.

शेवंतीने तयारीत कसर ठेवली नव्हती. नकाशावरच्या वळणावळणांवरून दोरा फिरवून, तो पट्टीवर धरून तिने अंतरं काढली होती. पाच दिवसांचा कागद केला होता. गाडी किती वाजता, कुठे उतरायचं, रात्री कोणाकडे राहायचं, सगळं ओळीने लिहिलेलं.

शेवंतीच्या आईचा, जनाबाईचा, मात्र सुरुवातीपासून विरोध. दोन पोरी, अनोळखी गावं, लोक काय म्हणतील, हे तिने दुपारी बाजारातून येऊन मासळीची पाटी उतरवल्यापासून तीनदा सांगून झालं होतं. चौथ्यांदा ती लेकीकडे न बघता म्हणाली, "समुद्र बगाचा तं खाडीवर जाऊन बस. तिकीट बी नाय लागनार."

शालनला हसू आलं. तिने ते ओढणीत लपवलं.

गोमाजी हसला नाही. शेवंतीने वाचून दाखवलेल्या चौथ्या दिवसावर तो अडला होता. दुपारी बाराला बागमांडल्याहून होडीने पलीकडे. त्याने विचारलं, त्या दिवशी तिथी कुठली? शेवंतीला ठाऊक नव्हतं. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. अष्टमी होती.

"आठाची पाऊनपट सहा," गोमाजी म्हणाला. "सहाला भरती, बाराला सुकती. गुडघाभर चिखल तुडवत होडीत चढशील."

शेवंतीने बोटांवर हिशेब केला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. बाबांच्या पाऊणपटीत ती दर तिथीला पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं सरकत होती. फरक पाच मिनिटांचा. पुस्तकातलं पान आणि बापाची बोटं एवढी जवळ येतील असं तिला वाटलं नव्हतं. तिने बारा खोडून दुपारचे चार केले. शालनने हळूच तिचा हात दाबला. काका वेळ बदलायला लावतायत, म्हणजे सोडणारच की.

मग गोमाजीने कागद आपल्या हातात घेतला. अक्षर लावत, ओठ हलवत तो एकेक ओळ खाली गेला. शेवटच्या ओळीवर थांबला. पाचवा दिवस, रात्री आठ, ठाणे स्टँड, घरी परत.

त्याचा चेहरा बदलला. लेकीच्या हातातली पेन्सिल त्याने ओढूनच घेतली आणि ती ओळ खोडली. एकदा खोडून भागलं नाही. पुन्हा आडवी रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटला. कागद खाली ठेवून तो उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

जनाबाईने वाकून कागद बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण काय खोडलंय ते तिने शालनला विचारून घेतलं. ऐकल्यावर तिने नुसती मान डोलावली. शेवंतीला वाटलं, आयेच्या मनासारखं झालं.

शालन नकाशाची घडी घालू लागली. घडी चुकली, तिने परत घातली. काकांना नको वाटत असेल तर राहू दे, असं काहीसं ती म्हणाली. घरी काय सांगायचं ते बघू, नागपूर काही परदेश नाही. शेवंती मान हलवत राहिली.

मागे डबा वाजला. जनाबाई फळीवरून सुकटीचा डबा उतरवत होती. मुठीने सुकट कागदात बांधता बांधता तिने शालनला विचारलं, तुमच्यात तिखट चालतं ना गं?

शेवंती तशीच उठून ओट्यावर गेली.

"बाबा, आम्ही जायचं की नाही?"

"जायाचा नाय तं काय? भरती कशाला सांगितली मंग?" गोमाजी खाडीकडे बघतच म्हणाला. "पन परतीचा दिस लिवाचा नाय, पोरी. तीस वर्सं दर्यावर गेलो, तुज्या आयेनं येकदा बी इचारला नाय कवा येशील, न मी बी सांगितला नाय. म्हनून तं दर बारीला घरा आलो."