गुरुजींची किल्ली

"जेवलास का?" बायकोने फोनवर पहिलं तेच विचारलं.

"कसलं जेवण! गुरुजी समोर बसलेत. रांगेत माझ्यापुढे एकच जण उरलाय."

"फार छळू नकोस त्यांना. वय झालंय. तुझी पत्रं-बित्रं त्यांना आठवतीलच असं नाही."

तो हसला आणि फोन खिशात टाकला.

ऑफिसात त्याला सगळे कडीकोयंडा म्हणत. कुलूप लावून ओढून बघायचं, अर्ध्या जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढायचं, असा स्वभाव. संगणकाच्या सुरक्षेच्या धंद्यात हा गुणच म्हणायचा. परिषदेतलं फुकटचं वाय-फायसुद्धा त्याने अजून वापरलं नव्हतं.

आणि गुरुजी म्हणजे संदेशांना सांकेतिक कुलपं घालणारे पहिले कारागीर. सभागृहातल्या सगळ्यांचीच पोटं त्यांच्या युक्तीवर भरत होती.

मागे कडीकोयंड्याने स्वतः बनवलेलं कुलूप एकाने भर सभेत तोडून दाखवलं होतं. चारचौघांत हसं झालं. तो धंदाच सोडायला निघाला. तेव्हा बायकोने, तीही याच धंद्यातली, कुठल्याशा परिषदेतून आणलेली गुरुजींची किल्ली आणि ई-मेलचा पत्ता त्याला दिला. "लिहून तर बघ." ही किल्ली संगणकातली, नुसती बंद करणारी; तिने बंद केलेलं पत्र फक्त किल्लीच्या मालकालाच उघडता येणार होतं. त्याने मन मोकळं केलं. उत्तरं येऊ लागली, कान उपटणारी आणि तितकाच धीर देणारी. "तुटलं ते कुलूप. तू कुठे तुटलास?" असं एकात होतं. त्या वाक्यावर तो पुन्हा उभा राहिला. त्याचं नवं कुलूप अजून कुणाला तुटलं नव्हतं. आज त्याला फक्त समोरासमोर आभार मानायचे होते.

त्याची पाळी आली. गळ्यातल्या बिल्ल्यावरचं नाव वाचून गुरुजी उठून उभेच राहिले.

"तुमचं नवं कुलूप बघितलं मी. झकास काम!"

त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "सगळं तुमच्या पत्रांमुळे."

"कुठली पत्रं?"

गुरुजी थट्टा करतायत असंच त्याला वाटलं. धंद्याच्या रीतीप्रमाणे त्याने किल्लीचा ठसा जुळवायला फोन काढला. ठसा म्हणजे किल्लीची ओळख पटवणारे आकडे. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने आपल्याकडच्यांशी ताडून बघायचे. गुरुजी आपल्या कार्डावरचे आकडे वाचू लागले. पहिला जुळेना. दुसराही नाही.

"ही माझी किल्ली नाही," गुरुजी हळूच म्हणाले. "आणि मी तुम्हाला एक ओळही लिहिलेली नाही. घेतानाच ताडून नव्हती बघितली?"

"घरातूनच मिळाली होती."

जगभरच्या कड्या ओढून बघणाऱ्याने नेमकी हीच सोडली होती. सगळी मनातली दुखणी त्याने भलत्याच्याच हाती दिली होती. पण त्याहून वाईट म्हणजे, पत्रं चोराची असतील तर त्या धीराचं काय करायचं, हे त्याला कळेना.

बाहेर येऊन त्याने घरी फोन लावला.

"ऐक, घात झालाय. ती किल्ली खोटी आहे. तुला कुणीतरी फसवून दिलीय. आधी घरच्या संगणकावरून ती काढून टाक. ठसा सांगतो, लिहून घे."

तो आकडे वाचू लागला.

"बासष्ट, सतरा, चाळीस..."

"अठ्ठ्याण्णव, तीन, एकवीस," पुढचे आकडे तिने पाढे म्हटल्यासारखे म्हणून टाकले. "आता तरी जेवून घे."